नव्या समईचं वय

आईने समई घासली तेव्हा मी ऑफिसात होते.

संध्याकाळी घरी आले तर देवघरापुढे समई लखलखत होती आणि मोरीत चिंचेचा काळपट चोथा पडला होता. "किती कळकटली होती गं ती! दुकानदाराने पडून राहिलेला माल खपवला तुला," आई म्हणाली. त्या दुकानदाराचा काहीही दोष नव्हता. महिन्याभरापूर्वी मी त्याच्याकडून कोरी करकरीत समई आणली होती. तिला कळकट करायला मला तीन रविवार लागले होते.

कारण होता एक फोटो. आजी-आजोबांच्या लग्नाचा, १९४९ सालचा. पाटावर बसलेली आजी आणि तिच्या दोन बाजूंना दोन समया, चांगल्या कमरेएवढ्या. त्या समया मी कधी पाहिल्या नाहीत. १९८३ साली त्या मोडीत गेल्या आणि त्या पैशांत घरी स्टीलचे डबे आले, उतरत्या आकाराचे, सात. ते डबे अजून आहेत. त्यांत डाळी असतात.

तर मला तशी समई हवी होती. नवी मिळाली, पण ती फारच पिवळी होती, सोन्याचं पाणी दिलेल्या दागिन्यासारखी. मग रात्री मोबाइलवर 'पितळ जुनं कसं करायचं' हे शोधत बसले. रील्सचा महापूर आहे. कुणी मीठ आणि व्हिनेगर फवारतं, कुणी उकडलेलं अंडं कुस्करून त्याच्यासोबत पितळेची वस्तू पिशवीत बंद करून ठेवतं, कुणी अमोनियाची धुरी देतं. मी अमोनिया निवडला. बाल्कनीत झाकणाची मोठी बादली, तळाशी वाटीत अमोनिया, वर जाळीवर समईचे सुटे केलेले भाग. झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पितळेवर चॉकलेटी रंग चढला होता, खाचांमध्ये जवळजवळ काळा. तिसऱ्या रविवारी समई दीडशे वर्षांची दिसायला लागली.

आणि आईने अर्ध्या तासात ती परत नवी केली.

मी चिडले, हे कबूल करते. आईला फोटो दाखवला. "मला अशी हवी होती." आईने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "पण ही तर घासलेलीच आहे."

होती. इतकी वर्षं मी तो फोटो बघत होते आणि हे दिसलंच नव्हतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत समईच्या तबकाच्या काठावर प्रकाशाची पांढरी रेघ होती. लग्नाच्या दिवशी कुणीतरी, बहुधा आजीच्या माहेरच्या बायकांनी, त्या समया चिंच आणि राख लावून लखलखीत केल्या होत्या. मी बादलीत जे तयार केलं ते आजीच्या समईसारखं नव्हतंच. ते जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या समईसारखं होतं. मग हा काळपट रंग म्हणजे 'जुनं', हे माझ्या डोक्यात आलं कुठून?

पहिला सुगावा भाषेतच सापडला. तांब्या-पितळेवर चढणाऱ्या हिरव्या-काळ्या थराला मराठीत कळंक म्हणतात. डाग या अर्थाचा कलंकही तोच. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की ते 'कळकतं', आणि कळकलेलं ताक पोटात गेलं की काय होतं हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आंबटामुळे तांब्याचे क्षार सुटतात, ते विषारी असतात. म्हणजे आपल्याकडे या थराचं नावच मुळी तक्रारीचं आहे. तो घालवायचा असतो. चिंच, लिंबू-मीठ, कोकणात आमसूल, वर राख किंवा विटकरीची पूड आणि घासायला नारळाची शेंडी. आता पितांबरी. साधनं बदलली तरी काम तेच.

युरोपात याच थराला 'पाटिना' म्हणतात आणि त्या शब्दात कौतुक आहे. इटालियन लेखक फिलिप्पो बाल्दिनुच्ची याने १६८१ साली चित्रकलेच्या शब्दांचा कोश छापला. त्यात पाटिना म्हणजे काळाच्या ओघात चित्रांवर येणारी गडद छटा, आणि ती कधी कधी चित्राला शोभूनही दिसते, अशी नोंद त्याने केली आहे. 'शोभून दिसते' हे तीन शतकांपूर्वी कोशात गेलं. आपला कळंक मात्र मोरीतच राहिला.

अर्थात या कौतुकाची सुरुवात इटलीत झाली असंही नाही. प्लुटार्क हा ग्रीक लेखक डेल्फीच्या मंदिरात पुजारी होता. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला माणूस. त्याच्या एका संवादात डेल्फी बघायला आलेला एक पाहुणा दर्यावर्दी सेनानींच्या कांशाच्या पुतळ्यांपुढे थबकतो. त्याला शिल्पापेक्षा रंगाचं आश्चर्य वाटतं. निळसर छटा, जणू हे लोक खरंच समुद्राच्या तळातून वर आलेत. मग मंडळी वाद घालतात: कारागिरांना काही गुप्त मिश्रण माहीत होतं, की डेल्फीच्या हवेनेच हा रंग दिला? हा वाद वाचताना मला गंमत वाटली. दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना हाच प्रश्न पडत होता, की हे आपोआप झालंय की कुणी केलंय?

त्याच्या थोडं आधीचा रोमन लेखक प्लिनी अधिक संसारी माणूस. तो लिहितो की घासलेल्या तांब्याच्या वस्तूंवर न घासलेल्यांपेक्षा लवकर गंज चढतो, तेल लावून ठेवलं तरच टिकतात. हे कुठल्याही मराठी घरात पटेल. दसऱ्याला घासलेली भांडी दिवाळीपर्यंत पुन्हा मंद होतात ती यामुळेच. जुना थर हा धातूचं पांघरूण असतो. तो काढला की उघडा पडलेला धातू लगेच हवेशी बोलायला लागतो.

मुद्दाम जुनं करण्याच्या कृतीही जुन्याच आहेत. जॉर्जो वासारी याच्या १५५० सालच्या प्रसिद्ध ग्रंथात कांशाच्या मूर्तींना रंग कसा देतात ते आहे: कुणी तेलाने काळं करतं, कुणी व्हिनेगरने हिरवं, कुणी वार्निशने. त्या काळात रोममध्ये जमिनीतून प्राचीन मूर्ती निघत होत्या, श्रीमंतांना त्या हव्या होत्या, आणि नव्या मूर्तीही तशा दिसाव्यात अशी मागणी होती.

चीन यात युरोपच्याही आधी होता. सोंग राजवटीत प्राचीन कांस्यपात्रं जमवण्याचा नाद सुशिक्षितांमध्ये पसरला आणि मागोमाग नकलाही आल्या. तेराव्या शतकातल्या झाओ शीगू या जाणकाराने नकली पात्रं कशी बनवतात हेच लिहून ठेवलंय. कथलाची पूड आणि पारा नव्या पात्राला लावायचा, मग कडक व्हिनेगरमध्ये नवसागर मिसळून ब्रशने फिरवायचं, हवा तो रंग आला की पाण्यात बुडवायचं.

नवसागर हा शब्द वाचून मी थांबले. कारण नवसागर आपल्या गल्लीतलाच. कल्हईवाला भांडं निखाऱ्यावर तापवतो, भाता चालू असतो, मग चिमूटभर नवसागर टाकतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुराबरोबर भांड्याच्या आतला कळंक निघून जातो, कथलाची कांडी फिरते आणि कापसाच्या बोळ्याने पुसल्यावर भांडं आरशासारखं होतं. म्हणजे कथील आणि नवसागर घेऊन चीनमधला कारागीर नव्याचं जुनं करत होता आणि आपला कल्हईवाला जुन्याचं नवं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. माझ्या बादलीतला अमोनिया त्याचाच भाऊ.

आता या भावाची एक वाईट गोष्ट सांगायला हवी, कारण ती रील्समध्ये कुणी सांगत नाही.

समईबरोबर मी एक नवा पितळी तांब्याही त्या बादलीत ठेवला होता. त्याला सुंदर रंग आला. दीड महिन्याने त्यात फुलं ठेवायला पाणी भरलं तर खाली ओल. गळ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती. पडला नव्हता, आपटला नव्हता. समईला मात्र काही झालं नाही.

याचं उत्तर इंग्रजांच्या लष्करी इतिहासात निघालं, आणि तेही आपल्याच पावसाळ्यात. भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावायच्या. तेवढे महिने दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जायचा. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या, तर बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना चिरा पडलेल्या असायच्या, विशेषतः जिथे गोळी बसवताना नळी आवळलेली असते तिथे. ऋतू बदलला की चिरा दिसतात म्हणून या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. कारण मात्र बरीच वर्षं कळलं नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते मांडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि थंड अवस्थेतच ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ आतून उसवतं. उपायही मग सोपा निघाला. घडवून झाल्यावर नळी बेताने तापवायची, म्हणजे ताण निघून जातो.

माझी समई ओतीव होती, साच्यात वितळलेला धातू ओतून केलेली, त्यामुळे तिच्यात हा ताण फारसा नव्हता. तांब्या पत्र्याचा, दाबून घडवलेला. गळ्याशी सगळ्यात जास्त वळवलेला. मी बाल्कनीत एक छोटी पागाच तयार केली होती, फक्त घोडे नव्हते.

पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम बघितलंय का कधी? कसबा पेठेत. त्वष्टा कासारांची ही वस्ती पेशवाईपासूनची. भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी पडत जातो आणि त्या खळग्यांची नक्षी होते. शोभा तर आहेच, पण ठोक्यांनी पत्रा कडक होतो म्हणून भांडं टिकतं. हा कडकपणा म्हणजे धातूत साठवलेला ताणच. पितळेच्या अशा ठोकीव भांड्याला अमोनियाची धुरी देणं म्हणजे कारागिराने दिलेल्या ताकदीवरच घाव घालणं. मला हे आधी माहीत असतं तर तांब्या वाचला असता.

मिठाचं वेगळंच. मीठ-व्हिनेगरने येणारा हिरवा रंग दिसायला झकास, पण मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड एकदा तांब्याच्या संगतीला लागलं की दमट हवेत थांबत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत राहते आणि धातू खात राहते. संग्रहालयातले जतन करणारे लोक खऱ्या प्राचीन वस्तूंवर ज्या रोगाशी झगडतात, तो आपण रविवारी दुपारी स्वतःहून लावून घेतो. मुंबई-कोकणात तर नकोच.

एवढं सगळं असूनही कुणाला करायचंच असेल तर करा. मी हौसेच्या विरोधात नाही. ओतीव वस्तू निवडा. नव्या पितळेवर बहुतेक वेळा पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो असिटोनने आधी काढा, नाहीतर काहीच रंग चढत नाही आणि माणूस अमोनिया वाढवत बसतो (पहिला रविवार माझा यातच गेला). असिटोन पटकन पेट घेतो, तेव्हा जवळ गॅस, निरांजन काही नको. मग साबणाने तेलकटपणा घालवा आणि हाताचे ठसे उमटू देऊ नका, कारण ठसे रंगातही उमटतात. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. अमोनियाजवळ ब्लीच कधीही आणू नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. हवी त्यापेक्षा एक छटा आधीच बाहेर काढा, धुवा, वाळवा, वर मेणाचा पातळ हात द्या. आणि ज्यात खायचं-प्यायचं किंवा तीर्थ ठेवायचं, त्या भांड्याला हे अजिबात नको. अंड्याची कृती सगळ्यात सौम्य. तिच्यातला गंधक काम करतो, पण पितळेवर रंग फिकाच येतो. शिवाय देवाच्या समईला अंड्याची धुरी दिली हे आईला कोण सांगणार?

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. आजीची समई घासलेली होती, मग काळवंडलेली समई आपल्याला 'खरी' का वाटते?

मला वाटतं, याचं उत्तर त्या सात डब्यांत आहे. घरात पितळ वापरात होतं तोवर ते चमकत होतं. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं, घासायला सोपं, कल्हई नको, कळकायची भीती नाही. घासणाऱ्या बायकांनी ते आनंदाने घेतलं, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार चिंचेने हात न सोललेल्या माणसाला नाही. पितळ माळ्यावर गेलं, तिथून मोडीत किंवा जुन्या बाजारात. म्हणजे पितळ काळं पडलं ते वापराने नाही, वापर थांबल्याने. आमच्या पिढीने पितळ पहिल्यांदा पाहिलं ते माळ्यावरचं, दुकानातलं नाहीतर संग्रहालयातलं. आम्हाला तोच त्याचा रंग वाटला.

संग्रहालयावरून आठवलं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, पळ्या अशा घरगुती वस्तूंची दालनंच्या दालनं आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर गावोगाव फिरून त्या जमवत राहिले. बाकीचे लोक राजेरजवाड्यांच्या तलवारी शोधत असताना या गृहस्थांना अडकित्त्यात इतिहास दिसला. तिथल्या दिव्यांसमोर मी अनेकदा उभी राहिलेय. आता जाणवतं की त्यांच्यावरचा शांत तपकिरी रंग म्हणजे त्यांना रोज घासणारं आता कुणी नाही, याची खूण आहे.

बाजाराला मात्र या रंगाची किंमत बरोबर कळली. मुरादाबादेत 'अँटिक फिनिश' दिलेलं पितळ उघडपणे तयार होतं आणि परदेशी जातं. त्यात लबाडी नाही, नाव सांगूनच विकतात. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर खरं आणि असं दोन्ही शेजारी शेजारी मांडलेलं असतं. लबाडी सुरू होते ती फिनिश हा शब्द गळतो तिथे. कायद्याला रंगाशी देणंघेणं नाही. १९७२ सालचा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, जो १९७६ च्या एप्रिलपासून लागू झाला, तो अशा वस्तूला किमान शंभर वर्षं मागतो. त्या हिशेबाने आजीच्या समया असत्या तर २०४९ साली त्यांची शंभरी भरली असती, मग त्या कितीही लखलखीत असोत.

मग घासलेल्या पितळेचं वय दिसतं कुठे? आमच्या देवघरातला बाळकृष्ण मी पुन्हा नीट बघितला. त्याला नाक नाही. डोळे म्हणजे दोन पुसट रेघा. रोजचं स्नान, सणावाराला चिंच, असं करत तीन-चार पिढ्यांच्या बायकांनी त्याचं नाक घासून घासून नेलंय. कळंक काढताना दर वेळी कणभर धातूही जातो. लोण्याचा गोळा हाताशी इतका एकजीव झालाय की तो आता मूठ वाटतो. हे कुठल्याही बादलीत होत नाही.

आत्याकडे आजीच्या लग्नातलं एक पातेलं उरलंय, मोडीतून सुटलेलं. मागच्या महिन्यात ते बघायला गेले. बाहेरून पिवळंधमक. काठाखाली नाव घातलंय, जुन्या पद्धतीने, छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांनी: सौ. कां., मग आजीचं सासरचं नाव, मग 'हिस मामांकडून' आणि तारीख. नावातली मधली दोन अक्षरं गेली आहेत. तारखेतला १९४ दिसतो, पुढचा ९ बोटाने चाचपला तर लागतो. आत्या म्हणाली, "अजून दहा वर्षं घासलं की तेवढंही जाईल. मी आतूनच घासते हल्ली."

परत येताना समई पिशवीत घेऊन भांड्यांच्या दुकानात नाव घालणाऱ्याकडे गेले. आता छिन्नी नसते, पेनासारखं विजेवर चालणारं यंत्र असतं, दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा आवाज करतं. त्याने समई उलटी केली, तळावर कपडा फिरवला आणि कागद पुढे केला. मी आजीचं नाव लिहिलं, खाली आईचं, खाली माझं.

"तारीख कुठली टाकू?" त्याने विचारलं.

१९४९ माझ्या तोंडावर आलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून आजची सांगितली. त्याने यंत्र चालू केलं. दोन मिनिटं लागली, आणि नव्वद रुपये.